मुलीस न काढणेबाबत

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार आहेच, तो दर पत्रात पुन्हा लिहायला लावू नकोस. मोबाईलवरचा मेसेज म्हणजे शिंक, असं तू म्हणालीस म्हणून कागदावर लिहितेय. मागचं पत्र लाल पेनने तपासून परत पाठवलंस. सत्तावीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं म्हणून भाचीच्या पत्रावरही शेरे मारायचे, हे तूच करू जाणे.

विद्यापीठाचं विचारलंस. हे विद्यापीठ धड मोठं नाही, धड लहान नाही. सगळे एकमेकांना तोंडाने ओळखतात आणि नाव कुणाचंच लक्षात ठेवत नाहीत. 'संपूर्ण माणूस घडवू' हे ब्रीद दारावर आहे, कपांवर आहे आणि कचऱ्याच्या डब्यांवरही आहे. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर क्रूस आहे आणि प्रत्येक बाकावर देणगीदाराच्या नावाची पितळी पट्टी. निम्मी मुलं माझ्यासारखी आहेत, म्हणजे मेणबत्ती फक्त वीज गेल्यावर लावणारी. तरी धर्मशास्त्राचे दोन पेपर सगळ्यांना सक्तीचे. परवा प्रश्न होता, 'जगात दुःख का आहे, पाचशे शब्दांत लिहा.' माझी खोलीतली जोडीदारीण उत्तर वाचून दाखवताना रडली आणि तिला पैकीच्या पैकी मिळाले. ती सिनेमातल्या कुत्र्यासाठीही रडते. मी तिला टिपकागद म्हणते.

सेवेचे चाळीस तास भरायचे असतात. कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. वृद्धाश्रमात एका सकाळी एकाच आजीचे केस पाच जणींनी विंचरले, कारण बाकीच्या आज्या झोपल्या होत्या. पाचवी मी होते. आजी म्हणाली, "पोरी, आता टक्कल पडेल." संपूर्ण माणूस घडवण्याची पद्धत ही अशी.

तुला सांगायचं ते पुढेच. आठवड्यातून चार तास मी फादरांच्या ऑफिसात टायपिंग करते. फादर म्हणजे इथले धर्मगुरू, उंच, फिकट, बोलताना हळूहळू खाली वाकणारे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मार्चमध्ये तीन दिवस मौनासाठी एका जुन्या मठात नेतात. फोन काढून घेतात. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बसवून प्रत्येकाच्या हातात एक जाड पाकीट देतात. त्यात घरच्यांची पत्रं असतात, महिनाभर आधी ऑफिसने गुपचूप मागवलेली. मुलांना काही माहीत नसतं. मग चाळीस जणं ओळीत बसून हुंदके देतात. सगळं ठरवून केलेलं, आणि मला ठाऊक आहे, कारण मागणीची पत्रं टाइप करणारी मीच. यंदा माझंही शेवटचं वर्ष आहे. जादूगाराची पेटी आतून बघितलेल्या माणसाला खेळात काय मजा.

तुझी,
सुई

१९ जानेवारी

सुई,

नाव तुला मी ठेवलं होतं तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि पाहुण्यांना 'तुम्ही कधी जाणार' असं विचारायचीस. नाव अजून शोभतं. पत्रात चार चुका आहेत, सोबत जोडल्या आहेत.

मागवलेल्या प्रेमाबद्दल माझं मत विचारू नकोस. कोर्टात मी नवराबायकोंचे समझोते टाइप केले आहेत. 'यापुढे आम्ही सुखाने नांदू' याच्या तीन प्रती काढायच्या, एक पांढरी, दोन कार्बन. वर्षाने तीच जोडपी परत यायची.

तुझा बाप नेहमीसारखा महिन्याच्या पहिल्या रविवारी आला होता. बसने दोन तास येतो, न बिघडलेला पंखा उघडतो, तेल घालतो, परत लावतो आणि जातो. या वेळी तुझं नाव दोनदा काढलं. दोन्ही वेळा पुढे काही बोलला नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला खालीवर जाणं कळतं, बोलणं कळत नाही. मी त्याची मोठी बहीण आहे, मला पन्नास वर्षं झाली हे सोसून.

एक विचारते. चाळीस पाकिटं वाटतील. तुझ्यात काय असणार?

आत्या

२ फेब्रुवारी

आत्या,

नेमकं दुखतं तिथे बोट ठेवायचा तुला पगार मिळत होता की काय.

ऐक. फादरांनी मागणीच्या पत्राचा मसुदा दिला. दोन पानं, नुसता पाक. 'आपल्या लेकराला आपण हृदयाशी धरता' वगैरे. प्रेम हा शब्द सहा वेळा होता. मी सहाही वेळा काढला. शेवटी चार ओळी उरल्या: 'आपल्या पाल्याच्या संदर्भात हे पत्र पाठवत आहोत. त्याविषयी आपलं लेखी म्हणणं २५ फेब्रुवारीपर्यंत या कार्यालयात पोहोचावं. पाल्याशी याबाबत बोलू नये. उशिरा आलेल्या पत्राचा विचार केला जाणार नाही.' इंग्रजीत याहून चांगलं वाटतं. स्वच्छ. तुझ्या हाताखाली शिकल्याचा पुरावा. फादरांनी न वाचता चाळीस सह्या ठोकल्या. म्हणाले, "तुझ्यावर विश्वास आहे." विश्वास हा इथला धंदाच आहे.

आता माझ्या पाकिटाचं. यादीत बाबांचा पत्ता होता, मी तो खोडून तुझा घातला. तुझ्याकडे ते पत्र येईल. बाबांना पाठवण्यात अर्थ नव्हता. त्यांचं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. "जेवलीस का? पांघरूण आहे ना? ठेवतो." चार वर्षांत चौथं वाक्य ऐकलं नाही. इथे यायला निघाले तेव्हा स्टेशनवर माझ्या बॅगेची चाकं तपासत होते. गाडी सुटली तेव्हाही ते खालीच बघत होते. अशा माणसाला 'मुलीला पत्र लिहा' म्हणायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते लिहिणार नाहीत, आणि मी सगळ्यांदेखत रिकामं पाकीट धरून बसेन. टिपकागदाला चार भाऊबहिणी, दोन आज्या आणि एक पोपट आहे, तिचं पाकीट शिवणयंत्राएवढं असेल. शेजारी मी.

तेव्हा तू दोन ओळी टाइप करून पाठव. काहीही. हवामान लिही. बाबांना यातलं काही सांगू नकोस. हे मी विनंती करून सांगतेय, आणि विनंती मला जमत नाही हे तुला माहीत आहे.

सुई

१० फेब्रुवारी

सुई,

ऑफिसचं पत्र मिळालं. पाकिटावर 'गोपनीय' असा शिक्काही आहे. वाचलं. टायपिंग ठीक आहे.

हुकमावर प्रेम मी लिहीत नाही. हवामान कोरडं आहे. मला जे करायचं ते मी करीन.

आत्या

१ मार्च

आत्या,

हसून घे. पालक लोक किती बिनडोक असतात याचा माझ्याकडे आता लेखी पुरावा आहे.

मुलांच्या नावाने आलेली बंद पाकिटं आम्ही उघडत नाही, तशीच ठेवतो. ऑफिसच्या नावाने आलेली उघडतो, आणि यंदा तीच जास्त आहेत. एका आईने मुलाच्या पाठदुखीचं डॉक्टरी सर्टिफिकेट पाठवलं. एका काकाने लिहिलंय की भिंतीवर जे काही रंगवलं असेल ते आमच्या मुलाने रंगवलेलं नाही, त्याला चित्रकलेत कधीच गती नव्हती. एका वडिलांनी, मुलगी आता सुधारली आहे आणि 'त्या' मुलाशी तिचा संबंध उरलेला नाही, असं कळवलंय. त्या बिचारीला मी ओळखते, 'तो' मुलगा रोज कँटीनमध्ये तिचं दूध पितो. फादर एकेक पत्र हातात घेऊन बघत बसतात. वीस वर्षांत असं झालं नाही म्हणतात. मी म्हटलं, माणसं दिवसेंदिवस मूर्ख होत चालली आहेत, त्याला आपण काय करणार. ते नुसते वाकले.

मग त्यांनी सगळ्यांच्या घरी फोन केले आणि नीट समजावून पुन्हा पत्रं मागवली. आता ढीग येतोय. माझ्या नावाचं जे येईल ते फादर आधीच बाजूला काढतात, म्हणजे तसं ते म्हणतात. त्यांच्या टेबलावर माझ्या नावाचा कप्पा आहे. काल मी केर काढायच्या निमित्ताने बघितला. त्यात काही नव्हतं.

मला काही वाटलं नाही. फक्त कळवतेय.

सुई

६ मार्च

सुई,

केर काढायला तू कधी शिकलीस?

टपालात टाकलं आहे. बाकी मठात जा आणि तीन दिवस तोंड बंद ठेव. पहिल्यांदाच ठेवशील.

आत्या

१७ मार्च

आत्या,

हे पत्र तपासू नकोस. चुका असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला हॉलमध्ये बसवलं. लाकडी खुर्च्या, खिडक्या बंद, कुणी खोकलं तरी सगळे वळून बघायचे. पाकिटं वाटली. टिपकागदाचं दोन हातांनी धरावं लागत होतं. माझं इतकं हलकं की मला वाटलं देताना चुकून कोरं दिलं. उघडलं. एक कागद, तुझा. 'पाकीट रिकामं राहू नये म्हणून हा कागद. आत्या.' धन्यवाद. तुझ्याकडून याहून जास्त मागायला नको होतं. मी तो वाक्यभर कागद पाऊण तास वाचला, कारण आजूबाजूचे वाचत होते आणि मला काहीतरी वाचताना दिसायला हवं होतं. टिपकागद रडता रडता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि तिच्या ढिगातलं एक पत्र माझ्या मांडीवर ठेवलं. पोपटाचं होतं, म्हणजे तिच्या बहिणीने पोपटाच्या नावाने लिहिलेलं. माझ्यावर कुणी इतकी दया दाखवावी, हा मला आलेला आजवरचा सगळ्यात वाईट अनुभव. मी ते परत दिलं नाही.

नंतर फादरांनी मला बाहेर बोलावलं. मौनाचा नियम पहिल्यांदा त्यांनीच मोडला. म्हणाले, "एक पत्र माझ्या नावावर आलंय, म्हणून तुझ्या पाकिटात घातलं नाही. आडनाव तुझं आहे. लिपी मला वाचता येत नाही. तूच वाचून सांगशील का?"

बाबांचं अक्षर. कामाच्या वहीतलं रेघी पान. मी उभ्या उभ्या एकेक वाक्य वाचून त्यांना इंग्रजीत सांगितलं. तुला जसंच्या तसं उतरवून देते.

'प्रति, मा. फादर साहेब यांस.
विषय : माझ्या मुलीस न काढणेबाबत.
महोदय, वरील विषयी अर्ज करतो की आपले पत्र मिळाले. त्यात गुन्हा लिहिलेला नाही. तरी तो बोलण्याचाच असणार हे समजलो. मुलगी हुशार आहे, तोंडाने तिखट आहे. शाळेतून चार वेळा असेच पत्र आले होते. चारही वेळा मी समक्ष येऊन माफी मागितली. आता अंतर लांब आहे म्हणून लेखी मागतो.
तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. घरी कोणी नसे म्हणून मी तिला कामावर नेत असे. मी वर मोटररूममध्ये असताना ती खाली स्टुलावर बसून लिफ्ट बंद आहे असे येणाऱ्यास सांगत असे. लोकांना जिने चढावे लागत. ते माझ्यावर चिडायचे ते तिच्यावर चिडत. मोठी माणसे लहान मुलीवर ओरडत. मला वर ऐकू येई, पण हात मशीनमध्ये असल्याने उतरता येत नसे. नंतर नंतर तीच आधी बोलू लागली, म्हणजे समोरचा गप्प बसे. सबब हा दोष तिचा नसून माझा आहे.
ती घरी होती तेव्हा मला माझ्या चुका सांगत असे. आता कोणी सांगत नाही. माझ्या माहितीत तिच्यासारखी दुसरी मुलगी नाही. तिला काढू नये. शिक्षा देणे असल्यास ती मला कळवावी, मी करीन.
आपला विश्वासू.
ता.क. ती जेवते किंवा कसे हे कळवावे. फोनवर हो म्हणते, पण ती मला बरे वाटावे म्हणूनही हो म्हणते.'

'हात मशीनमध्ये असल्याने' इथे माझं इंग्रजी संपलं. फादर वाकले नाहीत, पाणी आणून दिलं. मग मला आठवलं की गुन्हा न लिहिलेलं ते पत्र मीच लिहिलं होतं. सर्टिफिकेट पाठवणारी ती आई, तो काका, सगळ्यांना मी मूर्ख म्हटलं. चाळीस घरांत मी भीती पाठवली आणि वर हसले.

तू त्यांना ते पत्र दिलंस. मी नको म्हटलं होतं.

सुई

२३ मार्च

सुई,

हो, दिलं. पंखा बिघडलाय असं खोटंच सांगून त्याला लगेच बोलावून घेतलं, आणि तो पंखा उघडून बसला तेव्हा त्याच्यासमोर ठेवलं. तू पाठवलंस ते आमंत्रण नव्हतं, कारणे दाखवा नोटीस होती. अशा हजारो मी टाइप केल्या आहेत, मला पहिल्या ओळीतच कळलं. त्याला जेवढं इंग्रजी येतं तेवढ्यात त्याने ते बरोबरच वाचलं. पांढराफटक पडला. "काय केलं तिने?" म्हणाला. मी म्हटलं, मला काय माहीत, तूच उत्तर दे.

दुष्टपणा केला म्हणशील. केला. मुलीला मायेचं पत्र लिही असं मी सांगितलं असतं तर त्याने पाना उचलला असता आणि माझा दुसरा पंखा उघडला असता. माया त्याला लिहिता येत नाही. बचाव येतो. तीन दिवस माझ्याकडे राहिला, कामावर खाडा करून. सात कागद फाडले. 'सबब' कुठे घालायचं एवढंच मला विचारलं. मी मुद्दाम वाचलं नाही, आता तुझ्यामुळे वाचलं.

फादरांनी फोन करून सगळ्यांना खुलासा केला, तसा मलाही केला, कारण यादीत पत्ता माझा होता. तो मी तुझ्या बापापर्यंत पोहोचवला नाही. त्याने अर्ज नुकताच टाकला होता आणि रोज पोस्टमनची वाट बघत होता. अजून बघतो. त्या माणसाने आयुष्यात केलेले अर्ज मला माहीत आहेत. बदलीचा, क्वार्टरचा, तुझी आई आजारी असतानाच्या रजेचा. एकही मंजूर झाला नाही.

त्याला खरं सांगू नकोस. आपण मायेचं पत्र लिहिलं असं कळलं तर तो लाजेने तुला सहा महिने फोन करणार नाही. पण उत्तर मात्र त्याला हवं. टायपिस्ट तू आहेस.

पोपटाला उत्तर लिहिलंस का?

आत्या

३० मार्च

आत्या,

पोपटाला लिहिलं. टिपकागदाने ते वाचून रडायचं ते रडली. मी टोमणा मारला नाही. चाळीस घरांनाही माफीचं पत्र टाइप केलं, माझ्या सहीने. फादरांनी या वेळी वाचून मगच पाठवलं, शहाणे झाले.

विद्यापीठ आहे तसंच आहे. काल संस्थापकांच्या पुतळ्यासमोर कुलगुरूंनी नम्रतेवर पन्नास मिनिटं भाषण केलं. माझं मत बदललं असं समजू नकोस.

बाबांना द्यायचं उत्तर फादरांना इंग्रजीत सांगून, मराठीत टाइप करून, विद्यापीठाच्या कागदावर त्यांची सही आणि शिक्का घेऊन पाठवलं. फादर सही करताना म्हणाले, "यात खोटं काही नाही ना?" मी म्हटलं, एकही शब्द नाही. प्रत सोबत.

'महोदय, आपला अर्ज मिळाला. त्यावर पूर्ण विचार करण्यात आला. आपला अर्ज मंजूर करण्यात येत आहे. आपल्या मुलीस काढण्यात येणार नाही. दोष आपला आहे हे म्हणणे मात्र नामंजूर करण्यात येत आहे. स्टुलावर बसणे तिला आवडत होते, असे तिने या कार्यालयास सांगितले आहे. सबब कोणासही शिक्षा नाही. ती जेवते.'

सुई

११ एप्रिल

सुई,

तुझा बाप काल आला. पहिला रविवार नव्हता, साधा गुरुवार होता. पंख्याकडे बघितलंही नाही. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं पत्र काढलं आणि मला वाचून दाखवलं. मला वाचता येतं हे तो विसरला. मग शेजारणीला बोलावून तिलाही वाचून दाखवलं. तिला सांगितलं, "पोरीचं शिक्षण बुडत होतं, माझ्या अर्जाने वाचलं." शेजारणीने विचारलं, पोरीने काय केलं होतं. तर म्हणतो, "काही नाही, खरं बोलली असेल." मी आत जाऊन भांडी वाजवत उभी राहिले.

जाताना दारात थांबून शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'ती जेवते.' दोनदा. म्हणाला, "सही-शिक्क्याने आलंय म्हणजे खरंच असणार." आता फोनवर तो तुला जेवलीस का विचारणार नाही, सरकारी उत्तर मिळालंय. दुसरं काहीतरी विचारावं लागेल त्याला. बसस्टॉपवर जाईपर्यंत काय विचारू ते मलाच विचारत होता. मी सांगितलं नाही. वाट बघ.

त्या पत्रात टायपिंगच्या दोन चुका होत्या. त्याला दाखवल्या नाहीत, तुलाही सांगणार नाही.

आत्या